भाग क्रमांक एक्केचाळीस, नग चार

क्रॅस्टर, नॉर्थंबरलँड
६ सप्टेंबर १९७२

लॅपविंग कार्स, जुनी लाँड्री, लाउथ, लिंकनशायर

महाशय,

आपल्याकडून मागवलेली मोटार काल तीन खोक्यांतून पोचली. तिचे अंग, म्हणजे वरची बॉडी, खोक्यात मावण्यासारखे नसल्याने लॉरीवाल्याने ते अंगणातल्या गवतात पालथे ठेवले. आज सकाळी त्यावर शेजाऱ्यांची मेंढी उभी होती. याबद्दल माझी तक्रार नाही. मेंढीचे वजन पेलले, हे कळले ते बरेच झाले.

तक्रार वेगळी आहे. खोक्यांत चारशेच्या वर भाग, एक यादी आणि एक कागद निघाला. कागदाचा मथळा आहे, "गाडी सुटी कशी करावी". माझ्याकडे गाडी नाही. माझ्याकडे ढीग आहे, आणि तो आणखी सुटा होईल असे मला वाटत नाही. मी तीस वर्षे शाळेत शिकवते. चुकीच्या इयत्तेचे पुस्तक हातात आले की मला लगेच कळते.

योग्य तो कागद पाठवावा. नाहीतर खोकी परत न्यावीत.

आपली,
म्युरिएल हेस्लप
मुख्याध्यापिका


लाउथ
११ सप्टेंबर १९७२

मिस हेस्लप यांस,

मेंढीचे आभार. इतकी चांगली चाचणी करायची सोय आमच्याकडे नाही.

कागद बरोबर आहे. दुसरा कागदच नाही, आणि तो का नाही हे सांगतो. सरकार तयार गाडीवर खरेदी कर घेतं, सुट्या भागांवर घेत नाही. पण भागांसोबत गाडी जोडण्याची एक ओळ जरी लिहून दिली, तर सरकार म्हणतं, मग ही गाडीच झाली, काढा कर. गाडी मोडायची माहिती मात्र वाटेल तेवढी द्या, त्याला बंदी नाही. कर खात्याचे एक साहेब वर्षातून दोनदा येतात. आमच्या ऑलिव्ह स्टब्जच्या हातचा चहा घेतात, कागद वरून खाली वाचतात आणि समाधानानं जातात. सरकारी माणूस, वाचणार तो वरून खालीच.

म्हणून तुमची गाडी कशी जोडायची हे मी सांगू शकत नाही. सांगणारही नाही. फक्त आमच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. ग्रिम्सबीकडचे पाद्रीबाबा आहेत. त्यांना प्रत्येक कागद खालून वर वाचायची खोड. त्यांची लॅपविंग गेली चार वर्षं रस्त्यावर आहे.

आपला,
सिरिल मॉल्टबी
मालक, आणि सोमवारी झाडूवाला


क्रॅस्टर
२ ऑक्टोबर १९७२

मिस्टर मॉल्टबी यांस,

पाद्रीबाबांची खोड मला लागली आहे. "खालून वर वाचू नकोस" म्हणून ज्यांना मी ओरडले, अशा एक-दोन विद्यार्थ्यांची माफी मागावी लागेल. तुमच्या कागदाची शेवटची पायरी, म्हणजे माझी पहिली, अशी आहे: "उरलेला सांगाडा जमिनीवर ठेवा." ठेवला. तिथून सुरुवात केली.

आता चाके लागली आहेत, गावातल्या जुन्या फोर्डचे इंजिन बसले आहे आणि काल अंग चढवले. कागदातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त करून प्रत सोबत जोडली आहे. दहापैकी सहा गुण. अक्षर टाइपरायटरचे असले तरी लिहिणारा रागात असावा. प्रत्येक पूर्णविराम वाटाण्याएवढा उमटला आहे.

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. त्यांचा गुडघा गेला आहे, म्हणून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मदत करत नाहीत, चहा पितात. मी बॉनेट बसवत होते तर म्हणाले, "उजवा कोपरा बोटभर वर राहील."

मी म्हटले, "मी नीट बसवते आहे."

"तू कितीही नीट बसव. तो राहणार. कानस घे आणि घास."

राहिला. घासला.

आता दोन शंका. स्टिअरिंगच्या दांड्याचा डावा नट फिरवून फिरवून हात दुखले, तरी तो घट्ट होत नाही. आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ आहे, पुढच्या चाकामागून खाली उतरते, वळते आणि पुन्हा वर जाते. ती कशाची?

म्युरिएल हेस्लप


लाउथ
९ ऑक्टोबर १९७२

मिस हेस्लप यांस,

दहापैकी सहा म्हणजे पुष्कळच झाले. मला शाळेत कधी चारच्या वर मिळाले नाहीत, आणि चौदाव्या वर्षी मास्तरांनी मला सोडलं की मी त्यांना, हे अजून ठरलेलं नाही.

डावा नट काढायचा झाला तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवावा लागतो, कारण त्याचे आटे उलटे आहेत. काढायचं सांगतोय, लक्षात घ्या. रेघ शोभेची आहे.

तुमच्याकडच्या गृहस्थांची नजर चांगली दिसते. त्यांना वेळ असेल तर आमच्या कारखान्याची हकीकत वाचून दाखवा. खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या माणसाला करमणूक हवी.

एकोणसाठ साली ही लाँड्री बंद पडली तेव्हा मी आणि ॲम्ब्रोज कर्कबी नावाचा माझा मित्र, आम्ही ती भाड्यानं घेतली. फायबरग्लासची राळ वाळायला ऊब लागते, आणि लाँड्रीत बॉयलर होता. भिंतींना अजून साबणाचा वास येतो. इस्त्रीवर होती ती ऑलिव्ह आमच्याकडेच राहिली. काचेच्या धाग्याची चादर साच्यावर अशी पसरते, की एक सुरकुती दिसणार नाही. चार वर्षं आम्ही नुसती अंगं विकली. लोक आपल्या जुन्या मोटारीचं पत्र्याचं अंग काढून फेकायचे आणि आमचं चढवायचे. मग ॲम्ब्रोजनं सबंध गाडी आखली, ती लॅपविंग. हात त्याचे, तोंड माझं. तो आखायचा, मी विकायचो.

चौसष्टच्या जानेवारीत लंडनच्या प्रदर्शनात गाडी मांडली. बिनदाराची होती. कडेवरून पाय टाकायचा आणि आत उतरायचं, तिची ऐट त्यातच होती. ॲम्ब्रोजचं मात्र महिनाभर एकच टुमणं, दारं लावू, दारं लावू. मी म्हणायचो, दार कापलं की अंग कमजोर होतं. तर त्या दिवशी घट्ट स्कर्टमधली एक बाई गाडीपाशी येऊन अडली. दार कुठं आहे म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, "दार हवं असेल त्यानं कपाट विकत घ्यावं." सगळा मांडव हसला. ॲम्ब्रोजला एवढी गंमत सोसली नाही. शनिवारी तो लाउथला आला, नमुन्याची गाडी एकट्यानं स्क्रू-स्क्रू सुटी केली, करता करता प्रत्येक पायरी टाइप केली, कागद बाकावर ठेवला आणि गेला. तुमच्या हातात आहे तो त्याचा राजीनामा. तो खालून वर वाचून आजवर एकशे त्रेसष्ट गाड्या उभ्या राहिल्या आहेत.

एकशे चौसष्टावी तुमची. पुढे फार होतील असं दिसत नाही. एक एप्रिलपासून खरेदी कर जाऊन नवा कर येतोय, तो सुट्या भागांनाही लागणार. आमची सवलत संपली. मग बिनदाराची, वाऱ्यात कान गारठवणारी गाडी स्वतः जोडून कोण घेणार? साचे विकून लाँड्रीला कुलूप लावायचं, असं चाललंय. ऑलिव्हला अजून सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे.

सिरिल मॉल्टबी


क्रॅस्टर
२० नोव्हेंबर १९७२

मिस्टर मॉल्टबी,

उशीर झाला. तुमचे पत्र पोचल्यावर सहा आठवडे मला तुम्हाला लिहावेसे वाटले नाही.

गाडी पूर्ण झाली. इंजिन सुरू होते. हेरिंग मासे धुरावणारे कामगार जेवणाच्या सुटीत बघायला येतात. चारशे भागांपैकी चार उरले. यादीत "भाग क्रमांक एक्केचाळीस, नग चार" असे लिहिले आहे. कापडी पिशवीत बांधलेले, कोनात वाकवलेले, भोक पाडलेले चार लोखंडी तुकडे. तुमच्या कागदात त्यांचा उल्लेख नाही, वरून वाचले तरी नाही आणि खालून वाचले तरी नाही.

आता तुमच्या हकीकतीबद्दल. त्या बाईचा स्कर्ट घट्ट नव्हता. तिच्या डाव्या पायाला, मांडीपासून टाचेपर्यंत, लोखंडी पट्ट्या होत्या. लहानपणी पोलिओ झाला की तशा लावतात. ती क्रॅस्टरहून आगगाडीने आली होती, चाळीस मिनिटे रांगेत उभी होती. तिला गाडी आवडली होती. तिने विचारले ते चेष्टेने नव्हते, आणि उत्तर सगळ्या मांडवाने ऐकले.

एक माणूस तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावत आला. टोपी विसरला होता. म्हणाला, "बाई, ते वाक्य माझं नाही, पण गाडी माझी आहे. मी माफी मागतो." त्याने पावसात भिजून एवढेच तीनदा सांगितले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिने त्याच्याशी लग्न केले.

मी ही मोटार त्यांना न विचारता मागवली. त्यांना वाटते, मी तुम्हाला फक्त तक्रारी लिहिते. गुडघा गेल्यापासून ते गप्प गप्प असतात. नुसती पेन्सिल हातात धरून बसतात. मला वाटले, ही गाडी समोर उभी राहिली तर काही बोलतील. तेवढे साधले. आता शेडमध्ये एक सुंदर लाल गाडी उभी आहे. मी तिच्यात पाय टाकू शकत नाही आणि त्यांचा गुडघा वाकत नाही. आम्ही दोघे तिच्याभोवती फेरी मारतो आणि घरात येतो.

म्युरिएल हेस्लप-कर्कबी


लाउथ
२७ नोव्हेंबर १९७२

मिसेस कर्कबी यांस,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या दोन्ही खेपेला मधेच एक चांगलं वाक्य सुचलं आणि मला ते आवडलं. माझा रोग तोच आहे. ॲम्ब्रोजला नऊ वर्षांत सात पत्रं लिहिली, सातही फाडली, कारण प्रत्येकात कुठेतरी मांडव हसेल अशी एक ओळ होतीच.

म्हणून सरळ लिहितो. मी चुकलो. मी गर्दीपलीकडे उभा होतो आणि मला तुमची फक्त टोपी दिसत होती, हे खरं आहे. पण माझे कान तिखट आहेत. वाक्य तोंडातून गेलं आणि तुम्ही वळलात, तेव्हा लाकडी फळ्यांवर लोखंडाचा आवाज झाला. लोक हसत होते तरी तो मला ऐकू आला. त्या आवाजाचा अर्थ मला कळला होता. त्यानंतर नऊ वर्षं मी लोकांना घट्ट स्कर्टची गोष्ट सांगत आलो, सांगता सांगता मलाही खरी वाटावी म्हणून. माफी तेव्हाच तुमच्यामागे रस्त्यावर धावत येऊन मागायला हवी होती. आज मागतो.

आता बाकीचं. तुमच्याकडचे गृहस्थ कोण, हे मला बॉनेटचा उजवा कोपरा वाचला तेव्हाच कळलं. लॅपविंगच्या पहिल्या हिवाळ्यात साचा बॉयलरजवळ राहिला आणि त्या कोपऱ्यात वाकला. हे जगात तिघांना माहीत आहे: मला, ऑलिव्हला आणि ज्यानं तो तिथं ठेवला त्याला. गिऱ्हाइकांना मी सांगतो की त्यांनीच नीट बसवलेलं नाही. मग मी मुद्दाम ती हकीकत लिहिली, माझ्या बाजूनं, चांगली झणझणीत. वाटलं, तो वाचून चिडेल आणि चार शिव्या लिहून पाठवेल. गळ टाकला त्याला आणि लागला तुम्हाला. त्याचीही माफी.

चार तुकड्यांचं सांगतो. ते राखीव आहेत असं मी सगळ्यांना सांगतो. पाद्रीबाबांनी त्यांवर झगे टांगलेत. लीड्सच्या एका दातांच्या डॉक्टरनं पुस्तकं टेकवलीत. निम्म्यांनी तरी ओळखलं असेल, पण इंग्रज माणूस, कारखानदाराला कसं विचारणार? ती बिजागरीची अर्धी बाजू आहे, मिसेस कर्कबी. दुसरी अर्धी दाराबरोबर यायची होती. रेघही शोभेची नाही. दार तिथं कापायचं होतं. त्या रेघेच्या आत, अंगाच्या जाडीत, त्यानं लाकडी ठोकळे घालून ठेवलेत, अंग कमजोर होऊ नये म्हणून. माझ्या हरकतीचं उत्तर त्यानं आधीच साच्यात ओतलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. मला ते पासष्ट साली कळलं, एक फुटकं अंग कापताना.

कळल्यावर त्यानं केलेल्या यादीतून एक्केचाळीस नंबर काढून टाकता आला असता. गावचा लोहार जेसप दर गाडीला चार तुकडे करून देतो. दरवर्षी विचारतो, "सिरिल, हे अजून लागतात?" मी म्हणतो, "लागतात." नको म्हटलं असतं तर त्यानं पुढं विचारलं असतं, का? आणि मला सांगावं लागलं असतं की ॲम्ब्रोज परत येणार नाही. ते मला म्हणायचं नव्हतं. म्हणून एकशे चौसष्ट पिशव्या बांधल्या. सगळ्या मी स्वतः बांधल्या, ऑलिव्हला हात लावू दिला नाही.

मला दारं हवी आहेत. ती आखता येणारा एकच माणूस मला माहीत आहे. दारं असतील तर लॅपविंग एप्रिलनंतरही विकेल, आणि एकशे चौसष्ट जणांच्या घरात अर्धी बिजागरी पडलेलीच आहे. पण ती हवी आहेत म्हणून मी माफी मागितली असं समजू नका. दोन्ही एका पाकिटात आली, एवढंच.

आपला,
सिरिल मॉल्टबी


क्रॅस्टर
१४ जानेवारी १९७३

मिस्टर मॉल्टबी,

माफी पोचली. ठेवून घेतली आहे. तुमचे पत्र वाचले तेव्हा मी दोनदा हसले, म्हणजे तिसऱ्या खेपेलाही तुमचा रोग बरा झाला नव्हता. तेवढा राहू द्या.

ॲम्ब्रोजना मी काही बोलले नाही. रविवारी जेवण झाल्यावर ताटे उचलली आणि टेबलावर ते चार तुकडे मांडले. त्यांनी एक उचलून नखाने भोकाची कड तपासली.

"जेसपचं काम आहे," म्हणाले. "अजून हा प्रत्येक गाडीत घालतो?"

"प्रत्येक."

"कशाला? त्याला काय माहीत हे कशाचं आहे?"

"त्याला पासष्ट सालापासून माहीत आहे."

मी तुमचे पत्र त्यांच्यासमोर ठेवले आणि भांडी घासायला गेले. भांडी दोनदा घासली. परत आले तर पत्र पालथे होते, खुर्ची रिकामी होती आणि शेडमधून करवतीचा आवाज येत होता. मी धावत गेले. धावत म्हणजे माझ्या पद्धतीने. ते रेघेवरून गाडी कापत होते, एकशे चौसष्टावी, जिचा रंग वाळून आठ आठवडेही झाले नव्हते. ओठांत पेन्सिल होती. मला म्हणाले, "तो कंदील जरा इकडं धर. आणि डोकं लावू नकोस." लग्नाला आठ वर्षे झाली, इतक्या आनंदाने ते माझ्यावर कधी खेकसले नव्हते.

दाराच्या बाजूचे अर्धे तुकडे त्यांनी स्वतःच वाकवून केले. काल मी गाडीत बसले. दार उघडले, आधी एक पाय आत घेतला, मग दुसरा. दार लावले. कपाटाच्या दाराहून चांगला आवाज येतो.

पत्र लिहा म्हटले तर म्हणाले, "सिरिलला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, तो उत्तर देतो." सोबतचा कागद दिला. मी शुद्धलेखन तपासलेले नाही.

म्युरिएल कर्कबी


(सोबतचा कागद, टाइप केलेला, पूर्णविराम नेहमीच्या आकाराचे)

लॅपविंगचे दार कसे काढावे

१. दार बंद असल्यास उघडा.
२. आत बसलेल्या बाईंना हात देऊन बाहेर घ्या.
३. वरच्या आणि खालच्या बिजागरीतली कांडी उपसा. दार दोघांनी धरा, एकट्याने पडते.
४. अंगावरून बिजागऱ्यांचे चारही अर्धे भाग सोडवा.
५. ते पिशवीत घाला.
६. पिशवीचे तोंड घट्ट बांधा.
७. कुणाशीही न बोलता गावातून निघून जा आणि नऊ वर्षे एक ओळ लिहू नका.

वाचायचे कसे ते तुला माहीत आहे.
ॲ. क.


लाउथ
१९ जानेवारी १९७३

ॲम्ब्रोज,

तुझा कागद मिळाला. त्याची प्रत भिंतीवर लावलीय. कर खात्याचे साहेब परवा शेवटचे म्हणून येऊन गेले. त्यांनी तो वरून खाली वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मॉल्टबी, सातवी पायरी जरा कडक वाटते." मग म्हणाले, एप्रिलपासून जोडायचं सरळ लिहून दिलंत तरी सरकारची हरकत नाही. मी म्हटलं, साहेब, आता ती सवय राहिली नाही.

पाद्रीबाबांना फोन केला. झगे खाली उतरवून त्यांनी तुकडे पुसून ठेवलेत. विचारत होते, दारं कधी. जेसपला सांगितलं, दुसरी अर्धी बाजू करायला घे, तर तो म्हणतो, नमुना आण, मी मनानं करणार नाही. ऑलिव्हनं बॉयलर पेटवलाय. तिला विचारलं, इतक्या लवकर कशाला, तर म्हणाली, "या खेपेला साचा कुठं ठेवायचा ते मी बघते."

म्युरिएलबाईंना सांग, पुढच्या कागदाचं शुद्धलेखन त्यांच्याकडे. गुण मागणार नाही.

पायऱ्या खालून वर घेतोय. हे पत्र टाकलं की सातवी झाली. सहावीची गाठ सोडलीय, पाचवीचे चारही तुकडे माझ्यासमोर बाकावर आहेत. इथपर्यंत एकट्याला जमलं. तिसरीला दोन माणसं लागतात, असं तूच लिहिलंयस.

सिरिल